रंगाची वडी धुता येत नाही: मुलांच्या कार्यक्रमातील फेस पेंटिंग आणि साहित्याची स्वच्छता

मुलांच्या कार्यक्रमात फेस पेंटिंगच्या टेबलापुढे रांग लागली की रंगवणाऱ्याचे लक्ष दोन गोष्टींकडे असते: चित्र नीट उमटले पाहिजे आणि रांग पुढे सरकली पाहिजे. या घाईत एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. दोन-तीन तासांत तेच ब्रश आणि त्याच रंगाच्या डब्या अनेक मुलांच्या गालांवरून, नाकपुड्यांच्या कडेने, पापण्यांवरून आणि ओठांजवळून फिरत असतात. यातला ब्रश धुता येतो, स्पंज बदलता येतो, हात साबणाने स्वच्छ करता येतात. पण रंगाची वडी धुता येत नाही. एकदा तिच्यात रोगजंतू गेले की ते पुढच्या मुलापर्यंत, आणि कदाचित पुढच्या कार्यक्रमातल्या मुलांपर्यंतही पोहोचू शकतात. फेस पेंटिंगच्या स्वच्छतेचे नियम वरवर सुटेसुटे वाटत असले, तरी त्या सर्वांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे की एका चेहऱ्याला लागलेली वस्तू स्वच्छ झाल्याशिवाय रंगाला लागता कामा नये.

धोका वाढवून सांगण्याचे कारण नाही. निरोगी, न फुटलेली त्वचा हे उत्तम संरक्षण आहे आणि बहुतेक मुले चेहरा रंगवून घेऊन, रात्री तो धुऊन, मजेत झोपी जातात. तरीही चेहरा म्हणजे हाताचा तळवा नव्हे. सुमारे ३० टक्के लोकांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू कोणताही त्रास न देता राहत असतो. हाच जिवाणू खरचटलेल्या त्वचेत शिरला तर इम्पेटिगो, म्हणजे नाका-तोंडाभोवती उठून मधासारखी पिवळसर खपली धरणारे फोड, होऊ शकतो; आणि तो लहान मुलांमध्ये झपाट्याने पसरतो. डोळे येण्याच्या साथीतला ॲडेनोव्हायरस, ओठांवरच्या पाणीदार फोडांचा हर्पिस विषाणू, मोत्यासारख्या बारीक पुटकुळ्या आणणारा मोलस्कमचा विषाणू, गजकर्णाची बुरशी, हे सर्व स्पर्शाने किंवा सामाईक वस्तूंमधून एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

‘आजवर कोणाचीही तक्रार आली नाही’ हे वाक्य या क्षेत्रात वारंवार ऐकू येते, आणि ते मनापासून म्हटलेले असते. पण त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या इम्पेटिगोचे फोड दिसायला संपर्कानंतर साधारण दहा दिवस लागतात, तर मोलस्कमच्या पुटकुळ्या कित्येक आठवड्यांनी उगवतात. एवढ्या काळात ते मूल शाळेत गेलेले असते, मैदानावर खेळलेले असते, भावंडांच्या उशीवर झोपलेले असते. मागे कधीतरी गालावर काढलेल्या फुलपाखराशी त्या फोडांचा संबंध जोडण्याचे कोणत्याही आईवडिलांच्या मनात येणार नाही. म्हणजे तक्रार न येणे हा स्वच्छतेचा पुरावा होऊ शकत नाही. स्वच्छता कामाच्या पद्धतीतच असली पाहिजे.

रंग स्वतःचे रक्षण किती करतो

फेस पेंटिंगसाठी सर्वाधिक वापरले जाणारे रंग पाण्याने ओले करून वापरायच्या घट्ट वड्यांच्या रूपात येतात. सूक्ष्मजीवांना वाढण्यासाठी पाणी लागते. त्यामुळे कोरडी वडी ही त्यांच्या दृष्टीने नापीक जागा असते. शिवाय उत्पादक रंगात संरक्षक रसायने घालतात. या दोन गोष्टींमुळे चांगल्या प्रतीचा रंग बराच काळ टिकतो, हे खरे आहे. मात्र आपण वडी ओली करतो, तेव्हा पहिले संरक्षण तेवढ्यापुरते निघून जाते. आणि पृष्ठभागावर पाणी साचू दिले, तर तिथल्या संरक्षक रसायनांचे प्रमाणही पातळ होते. त्यातच त्वचेवरचे तेल, मृत पेशी आणि लाळ मिसळली की नापीक जागेत खत-पाणी घातल्यासारखे होते. संरक्षक रसायने अधूनमधून गेलेले थोडेफार जंतू आवरू शकतात. त्यांनाही वेळ लागतो, आणि एका मुलाची खुर्ची रिकामी होऊन दुसरे मूल बसेपर्यंतच्या मिनिटभरात ती काम उरकतील अशी अपेक्षा धरता येत नाही.

रंग मुळातच चांगला असला पाहिजे, हेही ओघाने आले. अमेरिकेत २००९ मध्ये मुलांसाठीचे काही फेस पेंट बाजारातून परत मागवले गेले. ते लावल्यावर मुलांच्या त्वचेवर पुरळ, खाज, आग आणि सूज आली होती आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत त्या रंगांमध्ये मोठ्या प्रमाणावर सूक्ष्मजीव आढळले होते. सौंदर्यप्रसाधनांसाठी आयएसओ १७५१६ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ पासून आहे. त्यानुसार तीन वर्षांखालील मुलांसाठी किंवा डोळ्यांभोवती वापरायच्या प्रसाधनात दर ग्रॅममागे सूक्ष्मजीवांच्या १०० पेक्षा जास्त वसाहती असू नयेत, इतर प्रसाधनांत ही मर्यादा १,००० आहे, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्युडोमोनास एरुजिनोसा, ई. कोलाय व कॅन्डिडा अल्बिकन्स हे चार जीव तर मुळीच सापडता कामा नयेत. म्हणून त्वचेसाठीचे प्रसाधन म्हणून बनवलेले, घटकांची यादी छापलेले रंगच घ्यावेत. चित्रकलेच्या ॲक्रिलिक रंगांवर ‘बिनविषारी’ असे लिहिलेले असते, पण ते कागद-कॅनव्हासपुरते खरे आहे. ते चेहऱ्यावर लावू नयेत.

स्पंज: एका मुलाला एक

स्पंजाबाबत मला कोणतीही तडजोड मान्य नाही. स्पंजाच्या आत असंख्य पोकळ्या असतात; त्यात रंग, पाणी आणि त्वचेचा कचरा साचतो, तो नळाखाली पिळून निघत नाही, आणि आतला ओलावा तासन् तास टिकतो. कार्यक्रमाच्या ठिकाणी टेबलावरच्या भांड्यात खळबळून स्पंज ‘धुतला’, तर तो दिसायला फिका होतो एवढेच. चव घेतलेला चमचा पुन्हा सगळ्यांच्या भांड्यात घालू नये हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. एका मुलाच्या गालावर फिरवलेला स्पंज दुसऱ्या मुलासाठी वडीवर घासणे यापेक्षा वेगळे नाही. त्यामुळे जितकी मुले अपेक्षित आहेत, त्याहून थोडे अधिक स्वच्छ, कोरडे स्पंज सोबत न्यावेत. ही संख्या ऐकून छाती दडपते, पण गोल स्पंजाचे कापून दोन भाग केले की निम्म्या स्पंजांत काम भागते आणि सरळ कडेने रेघही चांगली येते.

व्यवस्था अगदी सोपी आहे. झाकणाच्या डब्यात स्वच्छ स्पंज, आणि टेबलाखाली जाळीची पिशवी. मूल खुर्चीवर बसले की डब्यातून नवा स्पंज काढायचा आणि त्याचे काम संपले की तो लगेच पिशवीत टाकायचा. टेबलावर ठेवायचा नाही, कारण टेबलावर ठेवलेला स्पंज पुन्हा हातात येतोच. घरी गेल्यावर ही पिशवी तशीच वॉशिंग मशीनमध्ये घालून ६० अंश सेल्सिअसवर डिटर्जंटने धुवावी आणि स्पंज आतपर्यंत खडखडीत वाळवूनच डब्यात भरावेत. जो फाटू लागला, चिकट वाटू लागला किंवा ज्याला वास येऊ लागला, तो धुण्याच्या नादी न लागता टाकून द्यावा.

एकाच मुलाच्या चित्रातही क्रम महत्त्वाचा असतो. डोळ्यांभोवतीचे आणि गालांवरचे काम आधी करावे, नाक-तोंडाजवळचे शेवटी. नाक वाहणाऱ्या भागावरून फिरलेला स्पंज पुन्हा वडीवर न्यायचाच नाही, असे ठरवून टाकले की बराच मोठा धोका टळतो.

ब्रश आणि पाण्याचे भांडे

ब्रशचे दर मुलामागे नवे संच वापरणे बहुतेकांना परवडणारे नसते, म्हणून इथे धुण्याची पद्धत नीट समजून घ्यावी लागते. ब्रश धुऊन स्वच्छ दिसू लागला की तो टिश्यूवर ठेवून, केस जिथे धातूच्या नळीत शिरतात त्या जागी बोटाने दाबून पाहावे. बहुतेक वेळा टिश्यूवर निळ्या-काळ्या पाण्याचा डाग उमटतो. टोक पांढरे दिसत असताना मुळाशी रंग आहे, याचा अर्थ बाकीची घाणही तिथेच आहे. एका भांड्यात खळबळल्याने हा भाग साफ होत नाही.

त्यातून ते भांडे एकच असेल आणि कार्यक्रम संपेपर्यंत पाणी बदलले नसेल, तर ब्रश धुण्याचा उद्देशच हरवतो. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणूंची संख्या सुमारे वीस मिनिटांनी दुप्पट होते. या वेगाने चार तासांत एकाचे चार हजारांहून अधिक होतील. रंगमिश्रित पाण्यात वाढीचा वेग इतका असेलच असे नाही, परंतु कोमट हवेत ठेवलेले, त्वचेचे अंश मिसळलेले साचलेले पाणी सूक्ष्मजीवांना मानवते हे निश्चित. विशेषतः स्युडोमोनास ओलसर जागीच फोफावतो आणि तो डोळ्यात गेला तर गंभीर संसर्ग करू शकतो. म्हणून किमान दोन भांडी ठेवावीत: पहिल्यात सौम्य साबणाचे पाणी, दुसऱ्यात नुसते स्वच्छ पाणी. ब्रश पहिल्यात मुळापर्यंत दाबून धुवावा, टिश्यूने पुसावा, दुसऱ्यात विसळावा आणि पुन्हा पुसावा. पहिले पाणी गढूळ होणारच, पण दुसऱ्या भांड्याला रंग चढू लागला की दोन्ही बदलावीत. वडी ओली करण्यासाठी या दोन्ही भांड्यांतले पाणी वापरू नये. त्यासाठी फवाऱ्याची वेगळी बाटली असावी, तिच्यात त्याच दिवशी भरलेले पिण्याचे पाणी असावे, आणि फवारा एवढाच असावा की वडीवर थारोळे साचणार नाही.

धुण्याच्या पाण्यात जंतुनाशकाचे चार थेंब टाकून निश्चिंत होण्याची सवय काही ठिकाणी दिसते. जखमा किंवा फरशी पुसण्यासाठीची जंतुनाशके मुलांच्या डोळ्यांजवळ नेण्यासाठी नसतात, आणि सुगंधी तेलांचे थेंब अशा प्रमाणात काही भरवशाचे काम करत नाहीत. उलट नाजूक त्वचेला त्यांची आग होऊ शकते. हीच गोष्ट पाण्यात थोडे स्पिरिट ओतण्याची. अल्कोहोल साधारण ६० ते ९० टक्के या पट्ट्यात जंतू मारते, ५० टक्क्यांच्या खाली त्याचा प्रभाव झपाट्याने घसरतो, आणि भांडेभर पाण्यात मिसळलेले अल्कोहोल या पट्ट्याच्या जवळपासही नसते.

मग अल्कोहोल वापरायचे कसे? ब्रश आधी साबणाने धुऊन, विसळून, टिश्यूने नीट कोरडा करून मगच तो ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवावा, निदान अर्धा मिनिट ओला राहू द्यावा आणि पूर्ण वाळल्यावर वापरावा. या क्रमाला कारण आहे. रंगाचा आणि त्वचेच्या तेलाचा थर असेल तर अल्कोहोल त्याच्या खालच्या जंतूंपर्यंत पोहोचत नाही. ते घाण काढत नाही, घाण गेल्यावर उरलेले जंतू मारते. ब्रश पाण्याने निथळत असेल, तर दर बुडवणीला अल्कोहोल पातळ होत जाते आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात आपण निरुपयोगी द्रवात ब्रश बुडवत राहतो. आणि ९९ टक्क्यांपेक्षा ७० टक्के अधिक प्रभावी ठरते, कारण जंतूंची प्रथिने मोडण्याच्या क्रियेला थोडे पाणी लागते आणि पाण्यामुळे द्रव उडून जाण्याचा वेगही मंदावतो. ओला ब्रश तसाच पापणीजवळ नेला तर मुलाच्या डोळ्याला झोंबेल, म्हणून वाळण्याची वाट पाहणे अनिवार्य आहे. वाढदिवसाच्या ठिकाणी आणखी एक काळजी घ्यावी लागते: आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ नेहमीच्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते, त्यामुळे केकवरच्या मेणबत्त्या आणि अल्कोहोलची उघडी बाटली एका टेबलावर असू नयेत.

अल्कोहोल सर्वशक्तिमान नाही, हेही लक्षात असू द्यावे. हर्पिससारख्या, स्निग्ध आवरण असलेल्या विषाणूंना ते सहज नष्ट करते. डोळे येण्यास कारणीभूत होणारा ॲडेनोव्हायरस किंवा उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस यांना असे आवरण नसते आणि ते अल्कोहोलला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी साबणाने चोळून धुणे आणि आजारी मुलाला न रंगवणे हेच खरे उपाय आहेत. माझ्या मते गर्दीच्या कार्यक्रमात जागेवर निर्जंतुक करत बसण्यापेक्षा ब्रशचे तीन-चार संच नेणे आणि वापरलेले ब्रश वेगळ्या डब्यात टाकत जाणे अधिक सुरक्षित असते, कारण घाईत अर्धा मिनिट कोणी मोजत नाही.

ब्रशचे टोक ओठात धरून टोकदार करणे, किंवा चेहऱ्यावरचा रंग लवकर वाळावा म्हणून फुंकर घालणे, या सवयी अनेक कुशल कलाकारांनाही असतात आणि त्या सोडायला हव्यात. वाळवण्यासाठी स्वच्छ हातपंखा पुरतो.

ओठ, चमकी आणि बाकीचे साहित्य

ओठ रंगवायचेच असतील तर ते सर्वांत शेवटी, कापसाच्या काडीने रंगवावेत. काडीने रंग एकदाच घ्यावा. कमी पडला तर दुसरी काडी घ्यावी. थेट त्वचेवर घासायच्या रंगकांड्या आणि तेलकट क्रीम रंग यांबाबत अधिक कडक राहावे लागते, कारण त्यांना धुता येत नाही आणि त्यांच्यावर अल्कोहोलचाही उपयोग होत नाही. स्वच्छ पट्टीने त्यातला थोडा रंग खरवडून प्रत्येक मुलासाठी पॅलेटवर घ्यावा आणि उरलेला टाकून द्यावा.

चमकी नेहमी सौंदर्यप्रसाधनासाठीची असावी. हस्तकलेच्या चमकीचे कण धारदार असू शकतात आणि डोळ्याच्या बुबुळाला ओरखडा काढू शकतात. तिच्या डबीत बोट किंवा ओला ब्रश घालू नये. दाबल्यावर चमकी उडवणारी छोटी बाटली वापरली की त्वचेला स्पर्शच होत नाही. चिकटवायच्या खड्यांचे पाकीट मुलांनी चाचपू नये. आपण स्वच्छ चिमट्याने खडा काढून द्यावा. स्टेन्सिल एका मुलासाठी वापरला की धुण्याच्या डब्यात जावा. केस मागे घेण्याचे बँड आणि क्लिपा सामाईक ठेवू नयेत, कारण उवा अशा वस्तूंवरूनही जाऊ शकतात. आईवडिलांनाच केस धरायला सांगणे सर्वांत बरे.

हात प्रत्येक मुलाआधी स्वच्छ करावेत. साबण-पाणी जवळ असेल तर वीस सेकंद चोळून धुवावेत, नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोल असलेला सॅनिटायझर वापरावा. हातमोज्यांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. मोजे घातलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो आणि त्याच मोज्यांनी पाच मुलांच्या हनुवट्या धरतो.

कोणाला रंगवू नये

खुर्चीवर बसवण्याआधी चेहऱ्याकडे दोन सेकंद नीट पाहिले तर अर्धे काम होते. लाल, चिकट डोळे, उघडी जखम, खपली धरलेले फोड, ओठावरचे पाणीदार फोड, गोल चट्टे, अंगावरचे नवे पुरळ किंवा ताप, यांपैकी काही दिसले तर त्या मुलाला रंगवू नये. इसबाने फुटलेली त्वचा संसर्गजन्य नसते, पण तिचे संरक्षण कमी झालेले असते, म्हणून त्या भागापासून दूर राहावे. तीन वर्षांखालील मुलांचे चेहरे रंगवू नयेत, असा अनेक कलाकारांचा प्रघात आहे, आणि तो मला पटतो. या वयात हात सतत डोळ्यात आणि तोंडात जातात.

नाही म्हणण्याची पद्धत मात्र हळुवार असावी. रांगेतल्या सर्वांसमोर ‘याला काहीतरी झाले आहे’ असे म्हणणे त्या मुलाला फार लागते. आईवडिलांना बाजूला घेऊन, ‘आज याच्या त्वचेला रंगाने त्रास होईल असे वाटते’ एवढे सांगावे, आणि मुलाच्या हातात एखादे स्टिकर द्यावे. ते आपण स्वतः चिकटवू नये, त्यालाच चिकटवू द्यावे. रांगेच्या सुरुवातीलाच, कोणत्या स्थितीत रंगवले जाणार नाही हे लिहिलेला फलक लावला, तर असे प्रसंग बरेच कमी होतात.

कार्यक्रम संपल्यावर

वडीचे भवितव्य बहुतेक वेळा सामान आवरतानाच्या दहा मिनिटांत ठरते. ओल्या वडीवर झाकण लावून डबा बंद केला की आत दमट, अंधारी जागा तयार होते आणि काही दिवसांत बुरशीचे ठिपके दिसू लागतात. त्यामुळे वडीचा वरचा थर ओलसर स्वच्छ टिश्यूने पुसून काढावा. मिसळलेले रंग आणि वर बसलेली घाण त्याबरोबर जाते. मग हवे तर ७० टक्के अल्कोहोलचा हलका फवारा मारावा. हा फवारा केवळ पृष्ठभागावर काम करतो, वडीच्या आत पोहोचत नाही. तो पूरक उपाय आहे, आणि त्याच्या भरवशावर अस्वच्छ स्पंज वापरण्याची मुभा मिळत नाही. शेवटी झाकणे उघडी ठेवून, धूळ बसणार नाही अशा जागी, वड्या रात्रभर वाळू द्याव्यात.

ब्रश रात्रभर पाण्यात उभे ठेवू नयेत. पाणी धातूच्या नळीत शिरून डिंक सुटतो आणि केस गळतात. ते धुऊन आडवे किंवा केस खाली येतील असे टांगून वाळवावेत. भांडी, पॅलेट, चिमटे आणि स्टेन्सिल साबणाने धुवावेत, टेबलावरचे कापड कपड्यांबरोबर धुण्यास टाकावे.

प्रत्येक डबीच्या तळाला ती उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. अनेक प्रसाधनांवर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात महिन्यांचा आकडा असतो. उघडल्यानंतर तेवढेच महिने ती वस्तू वापरायची असते, आणि तारीख लिहिली नसेल तर त्या आकड्याचा उपयोग होत नाही. आंबूस वास, ठिपके, बुळबुळीतपणा किंवा रंगाचा पोत बदललेला दिसला, तर मुदत शिल्लक असली तरी वडी टाकावी. वरचा थर खरवडून खालचा वाचवण्याचा मोह होतो, पण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या ठिपक्याच्या बरेच खाली गेलेले असतात. आणि संसर्ग झालेल्या मुलाचा चेहरा रंगवला गेला हे उशिरा लक्षात आले, तर ज्या वड्यांना त्या वेळचा स्पंज किंवा ब्रश लागला होता त्या त्याच क्षणी बाजूला काढाव्यात आणि पुन्हा वापरात आणू नयेत. त्या दिवशी उरलेली मुले कमी रंगांत रंगवली तरी चालतील.